मदत हवी आहे : प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्‌झच्या वर हलतच नाही (लिनक्स)

गिरणगावकर_७

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप सेकंडहँड. इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, वर उबंटू. आमच्या मंडळाच्या विसर्जनाचा व्हिडिओ दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. गेल्या वर्षी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाऊण तासात रेंडर झाला (एडिटिंगनंतरची पक्की फाइल तयार झाली). काल रात्री दहाला लावला, अडीचला माझा डोळा लागला तेव्हाही संपायचा होता.

बघतो तर प्रोसेसरचे आठही थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) ४०० मेगाहर्ट्‌झवर! या प्रोसेसरचा बेस म्हणजे मूळ वेग १.६ गिगाहर्ट्‌झ आणि टर्बो म्हणजे भार आल्यावरचा कमाल वेग ३.४. कुणीतरी मर्यादा खाली खेचली असणार म्हणून सिसएफएसमधलं (लिनक्सची सेटिंग्ज जिथे फाइलींसारखी दिसतात तिथलं) सीपीयूफ्रीक हे प्रोसेसरच्या वेगाचं फोल्डर उघडलं. तिथल्या स्केलिंग मॅक्सच्या फाइलीत ३४०००००, मिनच्या फाइलीत ४०००००. म्हणजे वरची हद्द बरोबर आहे. तरी रूट होऊन ३४००००० परत लिहिलं. एरर आली नाही, फरकही पडला नाही. आत्ताचा वेग सांगणारी फाइल ३९९ हजार ते ४०० हजारांतच घुटमळतेय.

गव्हर्नर (वेग कसा ठरवायचा याचं धोरण) पॉवरसेव्ह आहे. गेल्या आठवड्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं, माझा संशय त्याच्यावर. शनिवारच्या मीटिंगला व्हिडिओ दाखवायचाय, कार्यकर्ते आत्ताच टोमणे मारायला लागलेत. कुणी मार्ग दाखवेल का?

वडापाव_विथ_चटणी

कारण तुम्हीच लिहिलंय की! पॉवरसेव्ह. परफॉर्मन्स करा, पळायला लागेल.

कर्नलकाका

नाही हो, इथेच सगळे फसतात. वेग बदलणारा ड्रायव्हर एसीपीआय-सीपीयूफ्रीक असेल तर पॉवरसेव्ह म्हणजे खरोखरच सगळ्यात खालच्या वेगाला बांधून ठेवणं. पण या पिढीच्या इंटेलवर साधारणपणे इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर असतो. त्याच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये पॉवरसेव्ह आणि परफॉर्मन्स हे दोनच पर्याय, आणि तिथला पॉवरसेव्ह काम आलं की वेग चढवतो. नाव तेच, वागणं वेगळं. ज्याने ही नावं ठेवली त्याला एकदा भेटायचंय मला.

गिरणगावकर, परफॉर्मन्स करून बघाच, म्हणजे तो मुद्दा मिटेल. त्याच फोल्डरात ड्रायव्हरचं नाव सांगणारी फाइल आहे, तीही वाचा.

गिरणगावकर_७

ड्रायव्हर इंटेल-पीस्टेटच. परफॉर्मन्स केलं. ४००. 😑

कर्नलकाका

अपेक्षित होतं. आता मर्यादेचं नीट समजून घ्या. त्या फाइलीत तुम्ही आकडा लिहिता (किलोहर्ट्‌झमध्ये, म्हणून ३४ लाख), तेव्हा कर्नलला हुकूम देत नाही, अर्ज करता. तसाच अर्ज तापमान सांभाळणारा भाग करतो, फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअरही एसीपीआय या ठरलेल्या भाषेतून करतं. कमाल मर्यादेच्या सगळ्या अर्जांत सर्वात लहान आकडा चालतो, किमान मर्यादेच्या अर्जांत सर्वात मोठा. तुम्ही ३४ लाख लिहून वाचायला १२ लाख आले असते, तर कर्नलमध्येच दुसऱ्या कुणाचा तरी लहान अर्ज पडलाय असं म्हणता आलं असतं.

तुमच्याकडे परत वाचताना ३४ लाखच येतात. कर्नलची हरकत नाही आणि तरीही प्रोसेसर हलत नाही. टर्बो बंद असता तरी १.६ पर्यंत गेला असता. म्हणजे ब्रेक कर्नलच्या खाली कुठेतरी लागलाय. दोन गोष्टी सांगा : तापमान किती, आणि सीपीयूच्या थर्मल थ्रॉटल फोल्डरमधला आकडा (तापल्यामुळे वेग किती वेळा कमी केला तो) किती?

गिरणगावकर_७

तापमान ४६-४७. थ्रॉटलचा आकडा शून्य. पंखाही शांत आहे, एरवी रेंडरला नुसता भुंकतो.

आणखी एक, संबंध आहे का माहीत नाही. बॅटरी ६४ टक्क्यांवर अडकलीये, चार्ज होत नाही. जुनी आहे म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

डोंबिवली_फास्ट

भाऊ, चार्जर ओरिजिनल आहे का? आत्ता रेंडर चालू ठेवूनच चार्जरची पिन काढा आणि वेग बघा.

गिरणगावकर_७

ताई!!! पिन काढली आणि दोन सेकंदांत ३.१ गिगाहर्ट्‌झ. पंखा भुंकायला लागला. परत लावली, ४००. पाच वेळा करून बघितलं, आई म्हणाली मुलगा कामातून गेला.

चार्जर तीन आठवड्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडला घेतलाय, डुप्लिकेट. दुकानदार म्हणाला होता, व्होल्ट सेम, वॅट सेम, डोळे मिटून वापरा.

डोंबिवली_फास्ट

मी पण तसाच घेतला होता, म्हणून विचारलं. काही कंपन्यांच्या पिनेच्या मध्ये सुईसारखा बारीक काटा असतो. त्यातून चार्जर आपली ओळख आणि वॅट सांगतो. ओळख पटली नाही की फर्मवेअर बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरलाही आवळून धरतं, अनोळखी चार्जरवर जास्त भार नको म्हणून.

कर्नलकाका

+१. त्या आवळण्याला प्रॉकहॉट म्हणतात. मुळात प्रोसेसर तापला की त्याने द्यायचा तो इशारा, पण मदरबोर्डही तीच तार ओढू शकतो. मग प्रोसेसर गार असूनही तापल्यासारखा वागतो. ही तार सीपीयूफ्रीकच्या हिशेबात येतच नाही, म्हणून तुमच्या फाइली खरं बोलत होत्या तरी उपयोग शून्य. कर्नल अपडेट बिचारं निर्दोष.

वडापाव_विथ_चटणी

मग तो इशाराच बंद करता येत नाही का? एमएसआर रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगमधला) एक बिट शून्य केला की होतं असं वाचलंय.

कर्नलकाका

बोर्डाकडून येणारा इशारा तसा बंद होतो, बऱ्याच जणांनी केलंय. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) चालू असेल तर उबंटूचं कर्नल ते रजिस्टर लिहूच देत नाही. स्लीपमधून उठल्यावर परत करावं लागू शकतं ते वेगळंच. पण बोर्ड उद्या खऱ्या कारणाने ओरडला, तर तेही ऐकू येणार नाही. स्वस्तातला चार्जर, त्यावर पूर्ण भार आणि घरात पडदे. मी करणार नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

गिरणगावकर_७

नको. आमची चाळ लाकडी जिन्याची आहे.

अपडेट : शेजारच्या वहिनींच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा चार्जर त्याच कंपनीचा आणि तेवढ्याच वॅटचा निघाला. लावताक्षणी बॅटरी ६४ ची ६५ झाली. रेंडर ४८ मिनिटांत आटोपला. त्यांना सकाळची ७:५२ पकडायचीये, म्हणून चार्जर रात्रीच गॅलरीतून परत केला. माझा ओरिजिनल ऑर्डर केलाय. डुप्लिकेटवाल्याने पैसे द्यायला नकार दिला, म्हणे लाइट तर लागतोय ना.

ताई, काका, मंडळाच्या वतीने पेढे लागू.

डोंबिवली_फास्ट

पेढे नकोत, धाग्याच्या शीर्षकात "चार्जर" हा शब्द घाला. पुढच्याला सापडेल.