क्षमा म्हणजे गिळून गप्प बसणं नव्हे

कुणीतरी लिहिलंय की ख्रिस्ती क्षमा म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणं. नाही पटलं. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मेणबत्त्या अर्पण करायला रांगा लागतात. पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू सांगतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी समेट कर, मग ये. म्हणजे पाऊल दुखावणाऱ्याने उचलायचं! (आपल्याकडे बांधावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ देवाला मात्र वेळेवर हजर.)

बायबलमधल्या जक्कयाचंच बघा. मुख्य जकातदार, गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा हा उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला नाडलं त्याला चौपट परत. आणि हे परत कर म्हणून कुणी त्याच्यामागे तगादा लावलाच नव्हता.