विषय: लेटरहेडची फाईल कोणाकडे आहे?? (तातडीचं)

मेघना (सचिव), बुधवार, रात्री १०:१२

मंडळी, लेटरहेडची वर्ड फाईल कोणाकडे आहे? मागच्या कार्यकारिणीने दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये नुसते हळदीकुंकवाचे फोटो निघाले. बेअर्स इअर्सचं पत्र (युटातलं हे नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारने राखलेली जमीन, रद्द करू नका म्हणून) शुक्रवारी ५ च्या आत व्हाइट हाउसला जायचंय. बाकी संस्थांच्या सह्या आल्यात, आपलीच राहिलीय. मसुदा जोडलाय. कृपया नवा वाद नको.

श्रीकांत (खजिनदार), रात्री १०:४०

फाईल माझ्याकडे आहे. पण मंडळाच्या नावाने सही करायची हे ठरलं कधी? इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच आहे. आपण फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहोत. त्या बॅनरच्या वेळी निस्तरत कोण बसलं होतं, ते आठवा.

माधवकाका, रात्री ११:२५

मेघना, तिसरा परिच्छेद वाचलास का? "राष्ट्राध्यक्षांना मॉन्युमेंट जाहीर करता येतं, रद्द करता येत नाही, हे निर्विवाद आहे." निर्विवाद? १९३८ साली ॲटर्नी जनरल कमिंग्ज यांनी तसं मत दिलं होतं खरं, पण २०२५ च्या मेमध्ये न्यायखात्याने तेच मत फिरवलं. आणि राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार देणारा १९०६ चा मूळ कायदा म्हणतो, जे जपायचंय त्याला पुरेल एवढीच, कमीत कमी जमीन घ्या. बेअर्स इअर्स साडेतेरा लाख एकर! मुंबई महापालिकेची हद्द बारा वेळा बसेल.

१९९६ मध्ये क्लिंटननी ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे मॉन्युमेंटची घोषणा केली, तेव्हा मी तिथेच युटात, कॅनॅबला मुक्कामाला होतो. जमीन युटाची, घोषणा ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून. मोटेलवाल्याने टीव्ही बंद केला आणि मलाच विचारलं, "तुला आधी माहीत होतं?" म्हटलं, बाबा रे, मी एच-वन व्हिसावर आहे.

अमेय, गुरुवार, सकाळी ७:५०

काका, १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी ग्रँड कॅन्यनची ८ लाख एकर याच कायद्याने राखली. राल्फ कॅमरून तिथे ब्राइट एंजल ट्रेलवर टोल घेत होता, खाणीचा हक्क सांगत होता. सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि १९२० मध्ये हरला. कोर्टाला ८ लाख एकर खटकली नाही. काँग्रेसने (इथल्या संसदेने) नॅशनल पार्क केलं ते १९१९ मध्ये, अकरा वर्षांनी.

माझा आक्षेप वेगळा आहे. बेअर्स इअर्स ओबामांनी डिसेंबर २०१६ मध्ये दिलं, ट्रम्पनी डिसेंबर २०१७ मध्ये त्यातलं ८५ टक्के काढून घेतलं, बायडननी ऑक्टोबर २०२१ मध्ये परत दिलं. आरेत वेगळं काय झालं? २०२० मध्ये ८०० एकर राखीव जंगल आणि कारशेड कांजूरला. २०२२ मध्ये सरकार बदललं, कारशेड पुन्हा आरेत. तिसऱ्या परिच्छेदात सरळ काँग्रेसकडे कायदा मागा.

शुभावहिनी, सकाळी ९:०५

एकर राहू द्या. तुमच्यापैकी म्यूल कॅन्यनमध्ये कोण गेलंय? गेल्या ऑक्टोबरात आम्ही सकाळी तिथल्या 'हाउस ऑन फायर'पाशी होतो. कपारीतली दगडी कोठारं. दगडांच्या सांध्यात मातीचा गिलावा, आणि त्या गिलाव्यात बोटांचे ठसे. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी चार बोटं. आजी चुलीला पोतेरं द्यायची ना, अगदी तस्सं. मला तिथून हलवेना. हे म्हणाले, चल, गाडीत ठेपले आहेत.

आणि काका, मोटेलवाल्याला विचारलं नाही म्हणता, पण बेअर्स इअर्स मागितलं कोणी? होपी, नवाहो, झुनी आणि दोन युट जमाती, या पाचांनी मिळून. ते स्थानिक नाहीत?

श्रीकांत, सकाळी ९:३०

अमेय, काँग्रेसकडे कायदा मागणं म्हणजे लॉबिंग. राष्ट्राध्यक्षांना "घोषणा मागे घेऊ नका" म्हणणं लॉबिंगमध्ये धरत नाहीत, कारण तो कायदा नव्हे. म्हणजे मेघनाचा मसुदा चालेल, तुझा नाही. थोडं लॉबिंग चालतं, मला माहीत आहे. पण ते "थोडं" फॉर्मवर मला भरावं लागतं, तुला नाही. आणि आरे इथे नको. मागच्या वेळी दोन सभासद त्यावरूनच सोडून गेले.

नंदिनी, सकाळी ९:४४

विषय निघालाच आहे म्हणून विचारते, कोजागिरीचं माझं मोठं स्टीलचं पातेलं कोणाकडे आहे? झाकणासकट हवंय.

माधवकाका, दुपारी १२:१०

शुभा, तुझा मुद्दा मान्य, जमाती स्थानिकच. पण अमेय, काँग्रेसवर एवढा भरवसा? १९४३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनी वायोमिंग राज्यातलं जॅक्सन होल असंच मॉन्युमेंट म्हणून जाहीर केलं, वायोमिंग पेटलं, आणि १९५० मध्ये काँग्रेसने कायदाच केला: वायोमिंगमध्ये काँग्रेसच्या परवानगीशिवाय नवं मॉन्युमेंट नाही. मी म्हणतो, युटालाही तेच द्या. पत्राला माझा विरोध आहे, इतिवृत्तात नोंदवा.

अमेय, दुपारी १२:१८

म्हणजे काँग्रेस चालते, फक्त तुमच्या बाजूने असली तर :)

मेघना, रात्री ८:५५

तिसरा परिच्छेद काढला. काँग्रेसही नाही, "निर्विवाद"ही नाही. शुभावहिनी, बोटांच्या ठशांच्या तीन ओळी त्या जागी घातल्या, चालेल ना? कार्यकारिणीची मतं फोनवर घेतली, चार विरुद्ध दोन.

श्रीकांत, फाईल मिळाली, थँक्यू. पण पत्ता जुन्या चर्चच्या हॉलचा आहे, आणि खाली सहीच्या जागी अध्यक्ष म्हणून अजून माधवकाकांचं नाव. ते पानात चित्र म्हणून चिकटवलंय, खोडता येत नाही.

काका, फोन उचला.