४००० साइजच्या स्पिनिंग रीलला कोणता रॉड घेऊ? (बजेट ३००० रु.)

मालवणी_खाडीकाठ: नमस्कार मंडळी. मामांनी त्यांची शिमानो ४००० रील दिली, रॉड नाही. दर रविवारी लेकाला घेऊन मार्वे-मनोरी खाडीवर मासे गरवायला जातो, कधी मढच्या खडकांवर. आमिष कोळंबी. प्रवास बसने नाहीतर लोकलने. ३००० च्या आत काय घ्यावं? लेक ११ वर्षांचा आहे, तोही हाताळणार.

मढचा_गळ: ९ फुटीच घ्या. आखूड रॉडने तंगूस (गळाची दोरी) खडकाच्या कपारीवर घासतो आणि मासा लागला की तुटतो. माझा ७२०० ला पडला, पण साडेसहा किलोचा जिताडा काढलाय त्यावर. फोटो आहे, हवा तर टाकतो.

संध्या_वर्सोवा: आधी तो स्पिनिंगचाच रॉड आहे ना, ते बघा. मी स्वस्त मिळाला म्हणून ऑनलाइन कास्टिंगचा उचलला. त्याला बोट अडकवायला खाली आकडा असतो, रील वरच्या बाजूला बसते आणि दोरी ओवायच्या कड्या बारीक असतात. आपली रील खाली लटकते, दोरी वेटोळी घेत सुटते, म्हणून पहिली कडी मोठी लागते. माझी दोरी तिथेच अडायची, फेक पंधरा पावलांपलीकडे जाईना. १८०० रुपये गेले.

टिटवाळा_लोकल: लोकलवाल्याने टेलिस्कोपिक (एकात एक सरकून बंद होणारा) घ्यावा. सॅकमध्ये मावतो, विषय संपला.

भरती_ओहोटी: संपला कसा? माझ्या टेलिस्कोपिकच्या सांध्यांत वाळू आणि मीठ गेलं, मनोरीला बंदच होईना. तसाच लांबलचक धरून बोटीतून आलो, लोक ओरडत होते. दोन तुकड्यांचा ८ फुटी घ्या, सुटा केला की ४ फूट. हँडलच्या वर ग्रॅम छापलेले असतात, १५-४० वाला बघा. शिसं आणि आमिष मिळून त्यात बसायला हवं.

मढचा_गळ: ९ फुटीसुद्धा दोन तुकड्यांत येतो.

भरती_ओहोटी: ७२०० ला. त्यांनी ३००० लिहिलंय.

टिटवाळा_लोकल: टेलिस्कोपिक गोड्या पाण्याने धुवायचा असतो भाऊ. तुम्ही धुतला नसणार.

दादर_पश्चिम: रॉड कोणताही घ्या, पण कार्बनचा असेल तर प्लॅटफॉर्मवर जोडू नका. कार्बनमधून वीज वाहते आणि डोक्यावरची तार २५,००० व्होल्टची आहे, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो. लेक बरोबर असतो म्हणून मुद्दाम सांगतोय. विजा चमकायला लागल्या की खडकावरही रॉड खाली ठेवा.

संध्या_वर्सोवा: हे फार महत्त्वाचं. अजून एक, दुकानात जाताना कापसाचा बोळा न्या आणि प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण ब्रेडेड (विणलेली) दोरी तिथेच कापली जाते.

भरती_ओहोटी: ८ फुटी, दोन तुकडे. पुन्हा सांगतो.

मालवणी_खाडीकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. काल ७ फुटी, दोन तुकड्यांचा भरीव फायबर ग्लासचा स्पिनिंग रॉड घेतला, ११५० ला. कार्बनपेक्षा जड आहे, फेकही कमी जाईल, कळतंय. पण लेकाच्या हातून खडकावर आपटला तर कार्बन तडकतो, हा सहन करेल. संध्याताई, कापूस फिरवला. पहिल्या रॉडच्या टोकाच्या कडीत तंतू अडकला, म्हणून दुसरा काढायला लावला. उरलेल्या पैशांत लेकाला लाईफ जॅकेट घेतलं.

मढचा_गळ: ७ फुटी मढला आखूडच पडणार. रविवारी या, माझा ९ फुटी हातात घेऊन बघा.