संवाद म्हणजेच नाटक का?

'संवाद लिहून झाले की नाटक झालं, प्रयोग ही नंतरची गोष्ट' हे मत मला पटत नाही; सांगलीत राहून तर मुळीच नाही. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा नटांपाशी लिहिलेले संवाद नव्हतेच. सूत्रधार पदं गाऊन कथा पुढं न्यायचा, पात्रं त्या पदांना धरून जागेवरच बोलायची. तरी ते नाटकच होतं, कारण माणसं दुसऱ्याचं रूप घेऊन समोरच्या लोकांदेखत काहीतरी करत होती.

संहितेचं, म्हणजे लिहिलेल्या नाटकाचं, मोल मोठंच आहे. आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' (१८९९) हे नाटक बघा. पैशासाठी पोर म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप आणि ती पोर, दोघांचंही मनासारखं होणं शक्यच नाही. नाटकातला संघर्ष तो हा. चढ्या आवाजातलं भांडण नव्हे. नव्या एकांकिकांत नेमकं हेच निसटतं. पात्रं छान बोलतात, पण कुणाला काही हवंच नसतं.

लिहिणाऱ्यांनी नुसतं वाचन करू नये. उभं राहून आपल्या नाटकातला एक प्रवेश करून बघा. जिथं नजरेनं भागतं, तिथलं वाक्य सरळ खोडा.