५ई सोडावी का? तेरेखोलच्या तस्कर कॅम्पेनसाठी सल्ला हवा

फोंड्याचा_डीएम
मंडळी, नमस्कार. टेबलवर पाच खेळाडू, सगळ्यांना डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून फाशांवर खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती (५ई, २०१४ची) तोंडपाठ. पुढचं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) १९५५ ते १९६१च्या गोव्यात घ्यायचंय. गोवामुक्तीच्या सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केलीय, पलीकडे मुंबई राज्यात दारूबंदी आहे आणि तेरेखोल नदीतून रात्री घड्याळं, सोनं, दारू पार करणारी एक टोळी आहे. जादू नाही, राक्षस नाहीत. तिघं म्हणतात, येते तीच सिस्टिम थोडी बदलून वापरू. दोघांना ब्लेड्स इन द डार्क हा गुन्हेगारी टोळ्यांचा खेळ हवाय. ५ईत नेमकं काय काय बदलावं लागेल? आणि नवीन घेतली तर गाडी कुठे अडते?

डिचोली_डी२०
"थोडी बदलून" हा हिशेब आधी मांडून बघा. प्लेयर्स हँडबुकातल्या १२ क्लासपैकी (पात्रांच्या प्रकारांपैकी) ८ जादूवर चालतात. उरतात फायटर, रोग, बार्बेरियन, मंक. त्यांच्याही जादूवाल्या सबक्लास काढायच्या. म्हणजे पाच जणांना निवडायला फारसं काही उरत नाही.

पुढची अडचण हिट पॉइंटची, म्हणजे पात्र किती मार सोसतं त्या आकड्याची. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या फायटरचे सरासरीने ४४ होतात. डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातली शिकारी रायफल २डी१० (दहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज करते, सरासरी ११. पोर्तुगीज शिपायाच्या चार गोळ्या लागेपर्यंत तुमचा होडेकार उभाच! मग गस्तीच्या बोटीला कोण कशाला घाबरेल? शिवाय ही सिस्टिम दिवसाला सहा ते आठ मध्यम चकमकी गृहीत धरते, तस्करीच्या रात्री जेमतेम एक होते. लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) सगळे हिट पॉइंट परत, त्यामुळे त्या एका चकमकीचाही दुसऱ्या दिवशी मागमूस राहत नाही.

लपणं, पटवणं, लाच देणं हे सगळं एकेका रोलवर येतं: जमलं किंवा फसलं. तुमच्या गोष्टीचा जीव मात्र "जमलं, पण" यात आहे. माल पोचला, पण कंदील दिसला.

पेडणेकर७७
५ई इतक्यात मोडीत काढू नका. तिघांना तीच हवी असेल तर लेव्हल १ आणि २ वरच खेळा. पहिल्या लेव्हलच्या त्याच फायटरचे १२ हिट पॉइंट, म्हणजे एका गोळीत तो पडू शकतो. विश्रांतीसाठी डीएमच्या पुस्तकातला कडक पर्याय घ्या: शॉर्ट रेस्ट ८ तासांचा, लाँग रेस्ट ७ दिवसांचा. लेव्हलऐवजी बक्षीस म्हणून मोठी होडी, किनाऱ्यावरची ओळख, लपवायची जागा द्या. सहा-सात सेशनची गोष्ट यात आरामात बसते. त्याहून लांबवलीत तर लेव्हल न वाढल्याने खेळाडू कुरकुरतील, कारण ५ईची सगळी गोडी वर चढण्यात आहे.

मधला रस्ताही आहे: कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळाची सातवी आवृत्ती, भुतंखेतं वगळून. डी१०० (१ ते १०० आकडा देणारा फासा) टाकायचा आणि कौशल्याच्या आकड्याइतका किंवा कमी यायला हवा. ५० असेल तर कठीण कामाला २५, अतिकठीणला १०. शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात. माणसाचे हिट पॉइंट साधारण १० ते १३ असतात आणि एका फटक्यात निम्मे गेले की मोठी जखम, त्यामुळे बंदूक निघाली की टेबल गप्प होतं.

साळगाव_क्लॉक
गोष्ट टोळीची आहे, तर ब्लेड्सच घ्या. त्यात टोळीलाच स्वतंत्र शीट (तिची नोंद ठेवायचा कागद) असते आणि सहा तयार प्रकारांपैकी एक तस्करांचाच आहे. डी६चा पूल (सहा बाजूंचे काही फासे एकत्र) टाकायचा, सर्वांत मोठा फासा वाचायचा: ६ पूर्ण यश, ४-५ यश पण किंमत मोजून, १-३ फजिती. दोन फाशांवर ६ यायची शक्यता ११/३६, ४-५ची १६/३६. म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणार ते "जमलं, पण".

५ईवाले इथे तीन ठिकाणी हमखास अडखळतात. पहिलं, बेत आखण्यात तास घालवतात. बेताचा प्रकार आणि एक तपशील ठरवा, एंगेजमेंट रोल (कामाची सुरुवात कशी होते ते ठरवणारा) टाका आणि थेट नदीत उतरा. राहिलेली तयारी फ्लॅशबॅकमधून (ती आधीच केली होती असं मागे जाऊन दाखवत), स्ट्रेस देऊन, म्हणजे पात्राच्या ताणाच्या चौकटी भरून. दुसरं, स्ट्रेस राखून ठेवतात. ९ चौकटी खर्चायलाच आहेत हे पहिल्याच तासात जीएमने (ब्लेड्समधल्या डीएमने) दाखवून द्यावं: २ स्ट्रेस, एक जादा फासा. तिसरी चूक जीएमची असते, रोलआधी धोका किती आणि परिणाम किती हे सांगायचं राहतं. मग ४-५ आला की वाद.

सेटिंग बदलताना एक जपा. अट्यून ही कृती (पात्राच्या शीटवरच्या कौशल्यांपैकी एक) भुतांशी जोडलेली, म्हणून लोक ती सरळ खोडतात. पण रिझॉल्व्हचा (मनोबलाचा) प्रतिकार त्याखालच्या चार कृतींपैकी कितींत किमान एक ठिपका आहे यावर ठरतो. एक उडवलीत की तिथे जास्तीत जास्त तीनच फासे मिळतात, आणि भीती-दबावापुढे सगळेच कच्चे पडतात. ती ठेवा, अर्थ बदला: भरती-ओहोटी, वारा, पाण्याचा रंग ओळखणं. देवचाराला (गावराखण्या आत्म्याला) मानणारं एखादं पात्र असेल तर त्यालाही ती शोभेल.

गट म्हणून पोर्तुगीज पोलीस, भारतीय कस्टम्स, गोवामुक्तीसाठी लढणारं आझाद गोमंतक दल आणि काठावरचे भाटकार (जमीनदार) घ्या. "पेडण्याच्या ठाण्याला सुगावा" असं सहा घरांचं क्लॉक (धोका वाढेल तशी घरं भरायचं वर्तुळ) टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवा.

फोंड्याचा_डीएम
चार गोळ्यांचा हिशेब तिघांना दाखवतो. आधी तीन सेशन ब्लेड्स, चालू कॅम्पेन तोवर थांबवून. पुस्तक सगळ्यांनी घ्यावं लागेल का? आणि डी६ प्रत्येकाकडे एकच आहे.

साळगाव_क्लॉक
पुस्तक फक्त जीएमला. शीट्स फुकट उतरवता येतात, झेरॉक्स काढा, टोळीची शीट शक्यतो ए३ वर. टेबलाला मिळून सहा डी६ पुरतात, लुडोचे चालतील. पूल शून्य झाला तर दोन टाकून लहान वाचायचा, हे शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.