२ किलोबाइट रॅमच्या चिपवर उच्चस्तरीय भाषेचा आग्रह धरावा का?

बिनतारी (धागाकर्ता)

"छोट्या चिपवर सी लिहायची, बाकीच्या भाषा म्हणजे चैन" हे वाक्य एम्बेडेडवाल्यांच्या (उपकरणांच्या पोटातल्या चिपांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या) बैठकीत कुणीतरी म्हणतंच, आणि त्यावर सहसा कुणी वाद घालत नाही. मला घालायचा आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हात कॉलेजात ८०५१ वर बसला. १९८० ची चिप, पोटात १२८ बाइट रॅम. तिच्यावर आपण जी सी लिहायचो ती पुस्तकातली सी नव्हतीच. स्टॅकला (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीला) जागा पुरत नाही म्हणून कंपायलर फंक्शनचे पॅरामीटर आणि लोकल व्हेरिएबल ठरावीक पत्त्यांवर ठेवतो, आणि जी फंक्शनं एकाच वेळी चालू असू शकत नाहीत त्यांना तीच जागा वाटून देतो. म्हणजे रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) बंद. एकच फंक्शन मेन लूपमधून आणि इंटरप्टमधूनही (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमधूनही) बोलावलं तर आकडे बिघडतात. तसं बोलवायचंच असेल तर त्याला 'रीएंट्रंट' असा वेगळा शिक्का लावावा लागतो. त्या चिपला सी देखील उच्चस्तरीयच होती. कुणीतरी खपून ती तिथे बसवली, म्हणून आज ती आपल्याला तिथली मूळची रहिवासी वाटते.

दुसरं उदाहरण सिम कार्डाचं. जावा कार्ड, म्हणजे कार्डातल्या चिपवर चालणारी जावा भाषेची आटोपशीर आवृत्ती, १९९६ साली आलं. त्यात फ्लोट (दशांश आकडे) नाहीत, थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे धागे) नाहीत, स्ट्रिंग वर्ग नाही, ३२ बिटांचा इंट ऐच्छिक आणि गार्बेज कलेक्टरची (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेची) सक्ती नाही. पण वर्ग, इनहेरिटन्स, एक्सेप्शन राहिले, आणि एका अ‍ॅप्लेटला दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू न देणारी भिंतही राहिली. काय टाकायचं आणि काय काही झालं तरी सोडायचं नाही, हे तिथे विचार करून ठरवलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच: ज्या सोयीची किंमत कंपाइल करतानाच चुकती होते, ती सगळ्यात लहान चिपवरही मिळायलाच हवी. आठ बिटी एव्हीआर घ्या, आर्डुइनोच्या साध्या बोर्डांवर असते ती चिप. टाइमरचा इंटरप्ट दोन बाइटचा काउंटर वाढवतोय, मेन लूप तो वाचतोय. चिप एका वेळी एकच बाइट उचलते. काउंटर २५५ वर असताना खालचा बाइट वाचला, नेमका तेव्हा इंटरप्ट येऊन काउंटर २५६ झाला, मग वरचा बाइट वाचला. हाती आले ५११. 'व्होलाटाइल' (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं सांगणारा शब्द) लिहूनही हे टळत नाही, आणि सी कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. रस्ट या नव्या भाषेत असं सामायिक व्हेरिएबल 'अनसेफ' (इथली जबाबदारी माझी) लिहिल्याशिवाय उघड्यावर वापरताच येत नाही. सरळ मार्गाने जायचं तर इंटरप्ट बंद केल्याचा पुरावा कंपायलर मागतो. चिपवर उतरतात त्या इंटरप्ट बंद-चालू करण्याच्या मोजक्या सूचना, ज्या नीट लिहिलेल्या सी मध्येही लागल्याच असत्या. त्या पहाऱ्यापायी एक बाइटही जास्त जात नाही. मग ही चैन कशी?

खरीप

मी शेतीपंपांचे मोबाइल स्टार्टर बनवतो. थ्री फेज रात्री येते, शेतकरी घरून कॉल किंवा एसएमएस करून मोटर चालू करतो. एक फेज गेला किंवा विहिरीचं पाणी तळाला जाऊन मोटर कोरडी चालली, तर बोर्डाने कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडलाच पाहिजे. तिथे "बहुधा चालेल" असं उत्तर देता येत नाही.

आता हिशेब करा. एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपमध्ये २०४८ बाइट रॅम. मराठी एसएमएस काना-मात्रा वेगळ्या मोजून ७० अक्षरांचा. जीएसएम मोड्यूल तो हेक्समध्ये देतं, एका अक्षराला चार अंक, म्हणजे २८० बाइट एका निरोपाला. दुसऱ्यांचे बोर्ड दुरुस्तीला येतात, त्यांत आर्डुइनोची स्ट्रिंग सर्रास वापरलेली असते. एकेक अक्षर जोडत स्ट्रिंग वाढली की ती हीपमध्ये (चालता चालता मागितलेली मेमरी जिथून मिळते त्या जागेत) मोठा तुकडा मागते, जुना सोडते, आणि मध्ये भोकं पडत जातात. एकूण मोकळी रॅम ६०० बाइट असते, पण सलग २८० कुठेच सापडत नाहीत. त्या वेळी स्ट्रिंग ओरडत नाही. मजकूर अर्धवट किंवा रिकामा राहतो आणि प्रोग्राम पुढे जातो. टेबलावर बोर्ड चोख चालतो आणि विहिरीवर महिन्याभराने हटून बसतो.

वाहनांसाठीचे मिस्रा सी चे नियम १९९८ पासून आहेत. डायनॅमिक मेमरी नको, रिकर्शन नको, हे त्यांत उगाच आलेलं नाही. पुण्यात गाड्यांचे कंट्रोलर लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. सोयी वाढवत नेणं सोपं आहे. माझ्या धंद्यात सोयी काढून टाकल्यानेच बोर्ड टिकतो.

तंत्रनिकेतन_मास्तर

खरीप, तुमचा बोर्ड तुमच्या जागी बरोबर आहे. पण या चर्चेत शिकणारा कुठेच दिसत नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी मायक्रोकंट्रोलर शिकवतो. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं तालुक्याच्या शाळांतून आलेली, संगणकाला पहिल्यांदा हात लावलेली. रजिस्टरच्या (चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्याच्या) कुठल्या बिटात १ टाकायचा इथून सुरुवात केली की पंधरा दिवसांत वर्गाची मान खाली जाते. मायक्रोपायथनमध्ये (छोट्या चिपवर चालणाऱ्या पायथनमध्ये) मुलगा एक ओळ टाइप करतो आणि दिवा लागतो. चुकलं तर कुठल्या ओळीत चुकलं ते समोर छापून येतं. कंपाइल नाही, अपलोडची वाट पाहणं नाही.

आणि हे फक्त मोठ्या चिपांवर होतं असंही नाही. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून मायक्रोपायथन उभं केलं. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १० लाख शाळकरी मुलांना बीबीसीची मायक्रोबिट (शिकण्यासाठीचा छोटा बोर्ड) वाटली गेली. तिच्यात १६ किलोबाइट रॅम होती, आणि तिच्यावर पायथन चाललं. १६ किलोबाइट! १९९० च्या दशकात कुणी हे मान्य केलं असतं?

यातल्या मर्यादाही मी शिकवतो. मायक्रोपायथनच्या हार्ड इंटरप्टमध्ये नवी मेमरी मागता येत नाही. फ्लोट हा तिथे बहुतेक पोर्टवर (वेगवेगळ्या चिपांसाठीच्या आवृत्त्यांवर) हीपवरचा ऑब्जेक्ट असतो, म्हणून इंटरप्टमध्ये दशांशाचं गणितही करता येत नाही. "सर, नुसत्या बेरजेला मेमरी कशाला लागते?" हा प्रश्न ज्या दिवशी येतो, त्या दिवशी मी फळ्यावर हीप काढतो. रजिस्टरपासून सुरुवात केलेल्या वर्गाने हा प्रश्न मला कधी विचारला नाही.

बिनतारी, तुमच्याशी मात्र माझं जुळत नाही. एव्हीआरसाठी रस्ट वापरायचं तर आजही कंपायलरची नाइटली (रोज रात्री बनणारी, अस्थिर) आवृत्ती लागते. ते मुलांसमोर कसं ठेवू? २०२१ पासून आरपी२०४० मिळते, २६४ किलोबाइट रॅम, चिप साधारण एका डॉलरची. २ किलोबाइटमध्ये भाषा कोंबत बसण्यापेक्षा मोठी चिप घ्यावी.

स्टुटगार्टहून

"मोठी चिप घ्या" हा सल्ला प्रयोगशाळेत ठीक, कारखान्यात नाही. सीएच३२व्ही००३ पाहा: ३२ बिटी रिस्क-फाइव्ह, ४८ मेगाहर्ट्झ, किंमत अमेरिकी १० सेंटच्या आसपास, आणि रॅम? तीच २ किलोबाइट. गाभा आठचा बत्तीस बिटी झाला, वेग तिप्पट झाला, रॅम तिथेच. एसरॅमच्या (या चिपांतल्या रॅमच्या) एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात, ते सिलिकॉनवर जागा खातात आणि झोपेतही थोडा करंट गळतो. त्यामुळे स्वस्त चिपेत रॅम नेहमीच शेवटी वाढणार. लाखोंनी बनणाऱ्या वस्तूत कुणी चार रुपये जास्त देत नाही, आणि म्हणून हा प्रश्न वाट पाहून सुटणारा नाही.

मी बिनतारींच्या बाजूचा, पण त्यांचं "कंपाइल करतानाच किंमत चुकती" हे वाटतं तितकं सरळ नाही. सी++ चं व्हर्च्युअल फंक्शन (नेमकं कुठलं चालवायचं ते चालताना तक्त्यातून ठरतं असं) घ्या. त्याचा तक्ता कधी बदलत नाही, तो फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवायच्या कायम मेमरीत) असायला हवा. पण जुन्या एव्हीआरमध्ये फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगळे, फ्लॅश वाचायची सूचनाही वेगळी, म्हणून जीसीसी कंपायलर ते तक्ते रॅममध्ये चढवतो. साध्या स्थिर मजकुराचंही तेच. 'प्रोगमेम' (फ्लॅशमध्येच ठेव, असा शिक्का) लिहिलं नाही तर प्रत्येक "मोटर चालू झाली" रॅममध्ये जाऊन बसतं. नव्या एव्हीआर मालिकांत फ्लॅश डेटाच्या पत्त्यांतच दिसते आणि हा खर्च उरत नाही. भाषा तीच, सोय तीच. एका चिपेवर फुकट, दुसरीवर महाग. तेव्हा भाषेइतकाच चिप बनवणाऱ्यांकडेही आग्रह धरायला हवा.

सेमिस्टर६

मध्येच एक विचारतो. आर्डुइनो उनोवर (एटीमेगा३२८पी चा बोर्ड) तापमान छापताना स्प्रिंटएफ (मजकूर मांडणारं सी चं फंक्शन) मध्ये दशांशाचा फॉरमॅट दिला तर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. कोड बरोबर आहे, लॅपटॉपवर तोच चालतो. सर म्हणाले, "तसंच असतं." म्हणजे इथे सी पण पूर्ण नाही का?

बिनतारी

@सेमिस्टर६ नाही, पूर्ण नाही. दशांश छापणारा कोड दीड किलोबाइटच्या आसपास फ्लॅश खातो, म्हणून एव्हीआरच्या सी लायब्ररीत तो मुळात जोडलेला नसतो. लिंकरला (कोडचे तुकडे जोडणाऱ्या साधनाला) वेगळं सांगून जोडता येतो, किंवा आकडा १० ने गुणून पूर्णांकात छापायचा. वगळण्याचा निर्णय मला मान्य आहे. मान्य नाही ती वगळल्याचं सांगायची पद्धत. जी सोय नाही तिच्यासाठी कंपायलरने अडवावं. चिपने चालता चालता प्रश्नचिन्ह छापणं हा वापरणाऱ्याशी अप्रामाणिकपणा आहे. लहान चिपेवर भाषेचा उपसंच असायला माझी हरकत नाही, पण त्याची हद्द लिहिताना दिसली पाहिजे.

@खरीप, तुमच्या स्ट्रिंगचं दुखणंही याच जातीचं आहे. ठरावीक मापाची स्ट्रिंग, जिच्या प्रकारातच "२८०" लिहिलेलं आहे, ती सी++ च्या टेम्प्लेटने होते, रस्टमध्येही तयार आहे. हीप लागत नाही. २८१ वं अक्षर आलं तर जोडणारं फंक्शन अपयश परत देतं, आणि ते न पाहता पुढे गेलात तर कंपायलर टोकतो. तुम्ही सी मध्ये २८० ची अ‍ॅरे घेता तेव्हा ही राखण कोण करतं?

खरीप

मी करतो. दर वेळी लांबी तपासतो, आणि ते तपासणं डोळ्यांना दिसतं.

काउंटरच्या ५११ चा मुद्दा मात्र मी उचलून घेतो. तसले दोष बोर्ड हातात धरून सापडत नाहीत, आणि एकही बाइट न घेता कंपायलर ते पकडत असेल तर मला हवंच आहे. ठरावीक मापाची स्ट्रिंगही चालेल. पण या दोन गोष्टी मान्य केल्या की पाठोपाठ असिंक (मध्ये थांबून पुढे चालणारी फंक्शनं) येतं, क्लोजर (आजूबाजूची व्हेरिएबल सोबत ठेवणारी फंक्शनं) येतात, एरर छापायची यंत्रणा येते. रस्टमध्ये पॅनिकचा (चुकीमुळे प्रोग्राम थांबल्याचा) संदेश नीट मांडून छापायचा म्हटलं तरी किलोबाइटांनी फ्लॅश जाते हे मी पाहिलंय. एकाच वेळी मोड्यूलच्या उत्तराची वाट पाहणं आणि फेज तपासणं मला सी च्या 'स्विच'ने (स्थितीनुसार कोड निवडणाऱ्या रचनेने) जमतं. प्रत्येक स्थितीला नाव आहे. विहिरीवरून फोन आला की मी वायरमनला विचारतो, "दिवा किती वेळा लुकलुकतोय?" आणि तो आकडा म्हणजे त्या स्विचमधली स्थिती. कंपायलरने आपल्या आपण बनवलेल्या स्थितींना मी वायरमनला समजेल असा आकडा कसा देऊ?

स्टुटगार्टहून

हा प्रश्न खरा आहे आणि असिंकवाले तो टाळतात. कंपायलर असिंक फंक्शनचं स्थितियंत्रच बनवतो, तुमच्या स्विचसारखंच, पण त्याच्या स्थितींना नावं देत नाही. मी अशा कोडमध्ये प्रत्येक थांब्याआधी एका व्हेरिएबलमध्ये आकडा लिहितो आणि वॉचडॉगने (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टाइमरने) रीसेट केल्यावर पुसला जाणार नाही अशा जागी तो ठेवतो. हे हातानेच करावं लागतं.

पण उलट बाजूही मांडतो. स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी प्रोटोथ्रेड बनवले, तेही सी च्या स्विचवरच. एका थ्रेडला दोन बाइट, स्टॅक वेगळा नाही. पण थांबून परत आलं की लोकल व्हेरिएबलांतलं काही उरत नाही, आणि कंपायलर सहसा काही बोलत नाही. स्थिर ठेवायचं ते स्टॅटिक करायचं, हे माणसाने लक्षात ठेवायचं. रस्टचं असिंक नेमकं तेच काम स्वतःकडे घेतं: थांब्यापलीकडे लागणारी व्हेरिएबल शोधून त्या यंत्रात ठेवतं, आणि त्याचं माप कंपाइल करतानाच ठरतं. तुमच्या स्विचमध्ये चार स्थिती असतील तोवर हाताने जमतं. एसएमएस, कॉल, फेज, पाण्याची पातळी आणि वेळापत्रक एकत्र आलं की कुठलं व्हेरिएबल कुठल्या स्थितीत वैध, हे लक्षात ठेवणारे तुम्ही एकटे. तुमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला तर त्याला ते कुठून कळणार?

तंत्रनिकेतन_मास्तर

तो नवा मुलगा माझ्याच वर्गातून येणार आहे, म्हणून सांगतो. त्याने पायथनमध्ये जनरेटर लिहिलेला असेल, तर थांबून परत येणारं फंक्शन त्याला नवं नाही. तेच सी च्या स्विचमध्ये उलगडून दाखवलं की त्याला दोन्ही बाजू दिसतात. हा पूल उच्चस्तरीय भाषेमुळेच झाला. मोठी चिप घ्या हे माझं म्हणणं वर्गापुरतं धरा. १० सेंटच्या चिपेवर ते टिकत नाही हे स्टुटगार्टकरांनी दाखवलंय.

खरीप

नव्या मुलाचा मुद्दा लागू पडतो. तरीही उत्पादनात बदल करण्याआधी मला तीन गोष्टी कागदावर हव्यात: फ्लॅश आणि रॅम किती लागली ती मॅप फाइल, सर्वांत वाईट वेळी स्टॅक किती खोल जातो तो आकडा, आणि आजपासून दहा वर्षांनी तोच कोड त्याच बाइटांत पुन्हा कंपाइल होईल याची खात्री. पहिल्या दोन तुम्ही द्याल. तिसरी नाइटली कंपायलर देऊ शकत नाही. माझे २०१४ चे स्टार्टर अजून शेतात आहेत आणि त्यांचा कोड मी आजही त्याच जीसीसीने बांधतो.

बिनतारी

तिसरी अट रास्त आहे. ती पुरी होईपर्यंत एव्हीआरवर तुम्ही सी सोडू नका. पण ३२ बिटी कॉर्टेक्स-एम० चिपांसाठी रस्टचा स्थिर कंपायलर आहे, आणि आवृत्ती गोठवून तो तुमच्या जीसीसीसारखाच कपाटात ठेवता येतो. पुढचा स्टार्टर त्या चिपेवर काढणार असाल तर फेज तपासण्याचा भाग सी मध्येच राहू द्या आणि फक्त एसएमएसचा भाग रस्टमध्ये लिहून दोन्हींच्या मॅप फाइल शेजारी ठेवा. २८० बाइटचा तो निरोप कुठे किती जागा घेतो ते दोघांनाही दिसेल.