भूमध्य समुद्रातली क्रूझ, दोघांसाठी: दोन मार्गांपैकी कोणता घ्यावा?

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हे नुकतेच निवृत्त झाले. पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघं युरोपातली सात रात्रींची क्रूझ करायचं म्हणतोय. एजंटने दोन मार्ग दिलेत, पैशांत फारसा फरक नाही.

पहिला: जिनोआ, नेपल्स, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र, मग बार्सिलोना, मार्सेलिस आणि परत जिनोआ.
दुसरा: रोम, फ्लॉरेन्स, नेपल्स, कोटर, डुब्रोव्हनिक, शेवटी व्हेनिस.

ह्यांचा ओढा दुसऱ्याकडे आहे. "आयुष्यात एकदा जायचं, तर रोम आणि व्हेनिस नको का बघायला?" असं म्हणतात, आणि ते मलाही पटतं. पण माझे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालते, जिने मात्र झेपत नाहीत. शिवाय आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. व्हिसाचंही नीट कळत नाहीये. जाऊन आलेल्यांनी मनमोकळं सांगा.

ऱ्हाईनकाठी

ताई, मी जर्मनीत राहते. व्हिसाचं तेवढं सांगते. एकच शेंगेन व्हिसा लागतो (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), आणि ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील, तर जिथून पहिल्यांदा आत शिराल तो देश. तुमच्या दोन्ही मार्गांना बहुतेक इटलीच येईल. शुल्क माणशी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. कोटर मॉन्टेनेग्रोत आहे आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. म्हणजे दुसऱ्या मार्गात तुम्ही बाहेर पडून पुन्हा आत येणार, त्यासाठी अनेक प्रवेशांचाच व्हिसा हवा. क्रोएशियाचा प्रश्न नाही, तो २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. पहिल्या मार्गावरचे सगळे देश शेंगेनमधलेच.

धक्क्यावरचा

ताई, माझी नोकरी मुंबई बंदरात गेली. त्यामुळे कुठल्याही क्रूझचं पत्रक हातात आलं की मी शहरांची नावं नंतर वाचतो. आधी बघतो, जहाज लागतं कुठे. तुमच्या दुसऱ्या मार्गाबद्दल मला हेच कळकळीने सांगायचं आहे: त्यातल्या तीन मोठ्या नावांपैकी एकाही शहराला जहाज लागत नाही.

रोम म्हणजे चिव्हिताव्हेक्किया. तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. बंदराच्या बसने फाटकापर्यंत, तिथून स्टेशन, मग तासाभराची आगगाडी. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, आणि ते फ्लॉरेन्सपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर. व्हेनिसचं तर आणखीच वेगळं. ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को या तिथल्या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे, म्हणून बरीच जहाजं राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला लागतात. दोन्हीकडून व्हेनिस शंभर किलोमीटरच्या पुढे. एजंटला तोंडी विचारू नका. प्रत्येक ठिकाणच्या बंदराचं आणि धक्क्याचं नाव लेखी मागा.

सकाळी आठला जहाज लागलं आणि संध्याकाळी सहाला सुटणार असलं, तरी हातात दहा तास नसतात. उतरायला वेळ जातो, आणि सुटण्याआधी अर्धा ते एक तास आत असावं लागतं. त्यातून जाण्यायेण्याचे तीन-चार तास वजा करा. दुखऱ्या गुडघ्यांनी रोम असं धावत बघू नये. रोमला स्वतंत्र तीन-चार दिवस द्यावेत, हवं तर क्रूझच्या आधी जमिनीवर राहून. ते शहर तेवढ्या मानाचं आहे.

आता पहिला मार्ग बघा. जिनोआचा प्रवासी धक्का शहरातच आहे आणि प्रिन्चिपे स्टेशन जवळ. तिथला लांतेर्ना हा दीपस्तंभ ७७ मीटर उंच, आजच्या रूपात १५४३ पासून उभा. जहाज सुटताना केबिनमध्ये सामान लावत बसू नका, डेकवर या.

नेपल्सला उतरलात की समोर किल्लाच. सगळे पॉम्पेईला पळतात. पॉम्पेई बघण्यासारखंच आहे, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं अख्खं गाव. पण तिथले रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे. काही भागात सपाट वाट केली आहे, तरी ऊन आणि अंतर आहेच. माझी बायको तुमच्यासारखीच गुडघ्यांनी बेजार, म्हणून आम्ही नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. पॉम्पेईच्या घरांतली भित्तिचित्रं आणि मोझेक तिथे आहेत. ही एका चित्रासमोर बाकावर बसली ती उठेचना. आम्हाला पॉम्पेईची उणीव भासली नाही. मंगळवारी मात्र ते बंद असतं, वार तपासून घ्या.

व्हॅलेटा तर मला सगळ्यांत आवडलं. पहाटे जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळसर दगडाचे तट अगदी जवळ येतात. १५६५ चा तुर्कांचा वेढा याच पाण्याभोवती पडला होता, आणि दुसऱ्याच वर्षी शहराची पायाभरणी झाली. गाव वर टेकडीवर आहे, पण जिने चढायची गरज नाही. बंदराच्या बाजूने ५८ मीटर वर नेणारी लिफ्ट आहे, ती थेट वरच्या बागेत सोडते. दुपारी बाराला तिथून तोफ डागतात. जवळच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं भलंमोठं चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकच चित्र.

पालेर्मोत राजवाड्यातलं पॅलाटिन चॅपेल बघा, टॅक्सीने जा. बार्सिलोनात साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट घरूनच काढा.

आणि मार्सेलिस. जहाज शहरापासून बरंच उत्तरेला लागतं, बसने यावं लागतं. तरी मराठी माणसाने तो दिवस चुकवू नये. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीच्या खिडकीतून याच बंदरात उडी घेतली, पोहून धक्का गाठला आणि फ्रेंच भूमीवर पाय ठेवला. फ्रेंच शिपायाने धरून परत दिलं, तो वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. ती गोष्ट मी शाळेपासून वाचत आलो. पण जहाजाच्या कठड्यावरून खाली पाणी आणि पलीकडे धक्का दिसला तेव्हा छाती भरून आली. बराच वेळ बोलता आलं नाही.

मेतकूट_भात

जेवणाचं मी सांगते. "शाकाहारी, अंडं नाही" हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा. जैन जेवण सांगितलं तर समजावणं सोपं जातं. पहिल्या रात्री वाढपींच्या प्रमुखाला भेटा, तो दुसऱ्या दिवसाचं आदल्या रात्री विचारतो. भाकरवडी, कोरडी चटणी, मेतकूट खुशाल न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे. विजेची किटलीही घेऊ नका, जहाजावर काढून ठेवतात.

बोट लागायची, म्हणजे मळमळायची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन मागा. मार्सेलिसच्या बाजूला मिस्ट्राल वारा सुटला की समुद्र हलतो. फोन समुद्रावर विमान-मोडवर ठेवा, जहाजाच्या नेटवर्कचं बिल फार येतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. धक्क्यावरचे काका, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सावरकरांचं आल्यावर ह्यांनी नकाशाच काढला. पण कोटरबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत?

धक्क्यावरचा

बरं विचारलंत. दुसऱ्या मार्गात खरं रत्न तेच आहे. आखात डोंगरांमधून आत आत वळत जातं, आणि जहाज गावाच्या तटाजवळ थांबतं. जुनं गाव सपाट, तुम्हाला सहज फिरता येईल. वरच्या किल्ल्याच्या १,३५० पायऱ्या सोडून द्या. डुब्रोव्हनिकला जहाज ग्रुझ बंदराला लागतं, तिथून जुन्या गावाला शहरबस आहे. पण आतल्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी जिने आहेत, मुख्य रस्त्यावरच राहा. पुढे कधी नुसती अॅड्रियाटिक समुद्राची क्रूझ मिळाली तर जरूर करा.

या खेपेला पहिला मार्ग घ्या, आणि जिनोआहून आगगाडीने रोमला जाऊन चार रात्री राहा. म्हणजे ह्यांचं रोमही होईल, तेही गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळचं. तारखा ठरल्या की इथे टाका, कुठल्या बंदरात कुठला वार येतोय ते मी बघून सांगतो.